साडेअकरा सेंटीमीटर

आमच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत. दोन्ही वेळचं मिळून आठ-नऊ लिटर दूध निघतं आणि ते डेअरीला जातं. तेव्हा अर्धा लिटर घरी ठेवायचो, तेही चहापुरतं. ज्वारी घरची, तूर घरची, दारात शेवग्याचं झाड. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे अंगणवाडीच्या ताईंनी माझ्या मुलीच्या दंडाला पट्टी लावून जे सांगितलं ते मला खोटं का वाटलं, ते समजेल.

सप्टेंबर महिना होता. २०१८ पासून सप्टेंबर हा पोषण महिना म्हणून पाळतात. आमच्या पैठण तालुक्यातही त्या दिवसांत अंगणवाडीपुढं रांगोळ्या, पालेभाज्यांचं प्रदर्शन, सगळ्या लेकरांची वजनं-उंच्या असं चालू असतं. थोरला चार वर्षांचा, त्याला घ्यायला मी गेले होते. धाकटी कडेवर, एकोणीस महिन्यांची. दोन महिने मी तिला वजनाला नेलंच नव्हतं. एकदा माहेरी होते, एकदा शेतात. ताई म्हणाल्या, "आज सुटायची नाही ही. आण इकडं."

त्यांनी तिचा डावा दंड मोकळा केला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध पेनानं टिंब काढलं आणि लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांची पट्टी गुंडाळली. पट्टीच्या खिडकीत लाल दिसलं. ११.२ सेंटीमीटर. पट्टी सोडली, परत लावली. मग मदतनीस मावशींना लावायला सांगितली. तिन्ही वेळा लालच. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली लाल, तिथून साडेबारापर्यंत पिवळा, त्यापुढं हिरवा. नंतर आडवी झोपवून लांबी घेतली, ७६ सेंटीमीटर. वजन ६ किलो ८०० ग्रॅम. तक्त्यावरून बोट फिरवत ताई एका ओळीवर थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सॅममध्ये आहे गं ही." सॅम म्हणजे तीव्र कुपोषित.

मला राग आला. कुपोषण म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं मेळघाट यायचं, टीव्हीवर दाखवतात ती लेकरं यायची. मी म्हणाले, "ताई, आम्ही काय उपाशी ठेवतो का लेकराला?" बाकीच्या बाया ऐकत होत्या, त्याचंच जास्त लागलं. ताईंनी वाद घातला नाही. सतरंजीवर शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाल्या, "काल उठल्यापासून झोपेपर्यंत तिच्या पोटात काय काय गेलं, तेवढं सांग. अंदाजानं नको, आठवून सांग."

सकाळी चहात बुडवून चार बिस्किटं. दहाच्या सुमाराला रडायला लागली म्हणून पाच रुपयांचा चिप्सचा पुडा. दुपारी भाताचे तीन-चार घास, त्यावर वरणाचं पाणी. चार वाजता पुन्हा चहा-बिस्कीट. संध्याकाळी हातात भाकरीचा तुकडा, त्यातला अर्धा जमिनीवर. स्वयंपाक होईपर्यंत झोपून गेली, मग रात्रभर अंगावर. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला. दिवसभरात धड एक वाटी अन्न तिच्या पोटात गेलं नव्हतं. तरी दर दोन तासांनी काहीतरी चघळत असल्यामुळं ती जेवायला मागत नव्हती, आणि मागत नाही म्हणजे तिचं पोट भरलंय असं आम्ही धरून चाललो होतो.

या दुखण्याची सुरुवात सहाव्या महिन्यातच झाली होती. उष्टावण झालं आणि घरातल्या, शेजारच्या, सगळ्यांनी एकच सांगितलं: पचायला हलकं दे. म्हणून वरणावरचं पाणी, भाताची पातळ पेज. ताईंनी हे ऐकल्यावर म्हटलं होतं, "डाळ तळाला आणि पाणी लेकराला, असं केलंस तू." दहाव्या महिन्यापासून मी शेतात जायला लागले, ती आत्याबाईंजवळ, म्हणजे माझ्या सासूबाईंजवळ. आत्याबाईंचं वय झालेलं, त्यांच्यानं मागं धावणं होत नाही, म्हणून रडली की बिस्कीट. त्या पावसाळ्यात दोनदा जुलाब झाले, अंग उतरलं ते परत भरलंच नाही. जूनमध्ये तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात नेलं, तिथं भूक लागायचं टॉनिक आणि चॉकलेटच्या वासाच्या पावडरचा डबा लिहून दिला. सातशेच्या वर गेले. तिथं तिला कुणी काट्यावर ठेवलं नाही की काय खाते म्हणून विचारलं नाही. तीन महिने मी ते टॉनिक मोजून चमच्यानं पाजत होते.

दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी झाली. सिस्टरनी तिच्या दोन्ही पावलांवर अंगठा दाबून धरला आणि उचलून बघितला. खड्डा राहिला तर अंगावर सूज आहे असं समजतात. खड्डा नव्हता. ताप नाही, छाती साफ. मग भुकेची चाचणी. वाटीत मोजून खाऊ दिला आणि मला शांतपणे भरवायला सांगितलं. तेव्हा मला या चाचणीचं महत्त्व कळलं नव्हतं. लेकरू खात असेल आणि दुसरा आजार नसेल तर गावातच उपचार होतो. खात नसेल तर जिल्ह्याच्या पोषण पुनर्वसन केंद्रात आईसकट चौदा दिवस भरती व्हावं लागतं. तिनं बराच वेळ तोंड फिरवलं. मी रडकुंडीला आले. सिस्टर म्हणाल्या, "घाई करू नका, तिला हातात घेऊ द्या." तिनं पाचही बोटं वाटीत घातली, चाटली, आणि मग खाल्लं. वाटी पूर्ण रिकामी नाही झाली, पण पुरेसं झालं. जंताचं औषध, पाच दिवसांचं अँटिबायोटिक आणि नियमानं देतात ती बाकीची औषधं देऊन आम्हाला गावी परत पाठवलं, ग्राम बाल विकास केंद्रात नाव घालून.

ग्राम बाल विकास केंद्र म्हणजे वेगळी इमारत नव्हे, आपली अंगणवाडीच. तीव्र कुपोषित लेकरांना तीस दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथं ठेवायचं, दर दोन तासांनी भरवायचं, मोजायचं. आमच्या गावात त्या खेपेला तीन लेकरं होती.

घरी हे सांगितलं तर ह्यांचा पहिला प्रश्न, "तीस दिवस? दसऱ्यानंतर वेचणी आहे." कापूस फुटायला लागला होता. माझी मजुरी बुडणार आणि आमच्या रानातला कापूस वेचायला दुसरी बाई लावावी लागणार, दोन्हीकडून खर्च. आत्याबाई म्हणाल्या, "आमच्यात समदेच बारीक. हे पण असेच होते लहानपणी." दोन दिवस घरात हाच विषय. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई आणि आशाताई दोघी घरी आल्या. ताई ओट्यावर आत्याबाईंशेजारी बसल्या, माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. आत्याबाईंना म्हणाल्या, "मावशी, तिची आई वेचणीला जाऊ द्या. तुम्ही या लेकराला घेऊन. तुमच्याशिवाय ही कुणाच्या हातानं खात नाही, बघितलंय मी." ते खरंच होतं. आत्याबाई बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "किती वाजता येऊ?"

पहिले आठ दिवस मीही गेले, नंतर मी आड दिवसानं आणि त्या रोज.

पहिल्याच दिवशी मावशींनी एक गोष्ट करून दाखवली, ती मी आता ज्या घरात लहान लेकरू आहे त्या घरात करून दाखवते. त्यांनी लापशी शिजवली, इतकी घट्ट की वाटी उलटी केली तरी पडणार नाही. दोन वाट्यांत काढली आणि जरा निवू दिली. एकीत काही घातलं नाही. दुसरीत एका डब्यातलं चमचाभर पीठ टाकून ढवळलं. दोन-तीन मिनिटांत ती लापशी ढिली पडली आणि कढीसारखी चमच्यावरून ओघळायला लागली. पाणी एक थेंब घातलेलं नव्हतं. आत्याबाईंनी वाटी हातात घेऊन तिरकी करून बघितली, बोट बुडवून चव घेतली.

ते पीठ म्हणजे मोड आलेल्या गव्हाचं. कागदावर त्याला अमायलेजयुक्त पीठ म्हणतात, आमच्याकडं आता सगळ्या मोडाचं पीठ म्हणतात. गहू रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायचे, मंद आचेवर हलकेच भाजायचे आणि दळायचे. जास्त भाजले तर त्यातला गुण जातो. मोड येताना धान्यात जे तयार होतं ते घट्ट शिजलेल्या पिठाला पातळ करतं. याचा उपयोग काय, तर एवढ्याशा लेकराचं पोट एका लहान वाटीएवढं. पातळ पेज दिली तर त्यात नुसतं पाणी जातं, घट्ट दिलं तर गिळवत नाही. मोडाच्या पिठानं त्याच वाटीत दुप्पट पीठ मावतं आणि ते गिळायलाही सोपं जातं. वर एक चमचा तेल. तेलाला मी भीत होते, खोकला होईल म्हणून. ताई म्हणाल्या, एका चमच्यात पंचेचाळीस कॅलरी असतात, तिच्यासारखीला एवढ्या कमी जागेत एवढं बळ देणारं दुसरं काही नाही.

दिवस असा जायचा. आठला लापशी, दहाला अंगणवाडीचा गरम आहार, बाराला पुन्हा मोडाच्या पिठाचं काही, दोनला अंडं किंवा उकडलेला बटाटा नाहीतर केळ, चारला टीएचआरचा, म्हणजे अंगणवाडीतून मिळणाऱ्या घरपोच आहाराच्या पिठाचा शिरा, आणि घरी गेल्यावर संध्याकाळी दोनदा. प्रत्येक वेळी आधी लेकराचे आणि भरवणाऱ्याचे हात साबणानं धुवायचे. प्रत्येकाची वाटी वेगळी, वाटीवर रंगानं खूण. किती खाल्लं ते वहीत: पूर्ण, अर्धी, पाव.

टीएचआरबद्दल इथं कबुली द्यायला हवी. सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकरांना अंगणवाडीतून जो घरपोच आहार मिळतो, त्याचे पुडे आमच्याकडं म्हशीच्या आंबोणात जात होते. लेकरू तोंडात घेत नाही, म्हणून. आमच्याच नाही, अर्ध्या गावात तेच. नुसतं पाण्यात कालवून दिलं तर कुणीच खाणार नाही, हे खरंच आहे, आणि वरच्यांनी त्याच्या चवीकडं लक्ष द्यायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. पण मावशी ते पीठ तेलावर खरपूस भाजून, दुधात शिजवून द्यायच्या तेव्हा तीच लेकरं खायची. सरकारी नियमानुसार साध्या लेकराला या आहारातून रोज ५०० कॅलरी मिळायला हव्यात आणि तीव्र कुपोषिताला ८००. माझ्या मुलीचा तो वाटा म्हैस खात होती, हे डोक्यातून जात नाही.

अंड्याचा प्रश्न मोठा होता. आत्याबाई माळकरी, नाथषष्ठीला दरवर्षी पायी पैठणला जातात, आमच्या घरात अंडं येत नाही. पहिल्या दिवशी ताईंनी आमच्या वाटीत बटाटा ठेवला. दुसऱ्या लेकराचं अंडं बघून धाकटीनं हात पुढं केला. मी आत्याबाईंकडं बघितलंच नाही, खाली मान घालून बसले. चौथ्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हा त्या आपणहून म्हणाल्या, "द्या तिला. माळ माझ्या गळ्यात हाय, तिच्या न्हाई." भरवलं मावशींनी, आत्याबाई तेवढा वेळ बाहेर ओट्यावर बसल्या. पुढं शेवटच्या दिवसापर्यंत हेच चाललं. मला त्यांचा किती आदर वाटला ते मी त्यांना अजून सांगू शकलेले नाही.

पहिला आठवडा फार वाईट गेला. चहा-बिस्कीट आणि पुडे एकदम बंद केले होते, ती दिवसभर किरकिर करायची, वाटी ढकलून द्यायची. आठव्या दिवशी वजन झालं, ६ किलो ८५०. आठ दिवसांत पन्नास ग्रॅम. माझा धीर सुटला. ताईंनी सांगितलं, जबरदस्ती करायची नाही, नाक दाबून भरवायचं नाही, मोबाइल दाखवायचा नाही. समोर बसायचं, बोलायचं, एक घास तू, एक घास मी. अर्धा तास लागला तरी चालेल. घरी मी कधी तिच्यासमोर अर्धा तास बसले होते? ताट ठेवून पाणी भरायला जायचे. नवव्या-दहाव्या दिवशी ती सरळ झाली. भूकच उघडली जणू. लापशीचं भांडं दिसलं की टाळ्या वाजवायची. दुसऱ्या आठवड्याला काटा ७ किलो १५० वर गेला.

तिसऱ्या आठवड्यात ताप आला, दोन दिवस खाल्लं नाही, वजन दीडशे ग्रॅम खाली. सिस्टर येऊन बघून गेल्या, औषध दिलं. अशा वेळी लेकराचं खाणं तोडायचं नाही, थोडं थोडं जास्त वेळा द्यायचं आणि अंगावर पाजत राहायचं, हे मला तेव्हा कळलं. पावसाळ्यातल्या जुलाबांच्या वेळी आम्ही तिला दोन-दोन दिवस नुसत्या पाण्यावर ठेवलं होतं.

अंड्या-केळ्यांचे पैसे वरून वेळेवर आले नाहीत. ताईंनी दुकानात आपल्या नावावर उधारी लावली. मला हे मावशींकडून कळलं. मग बचत गटातल्या बायकांनी केळी आणि शेंगदाणे द्यायला सुरुवात केली, आम्ही दूध दिलं. ज्या बाईनं माझ्या मुलीचा दंड बघितला तिला पगार नाही, मानधन आहे. अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तेव्हापासून गावागावांत या बाया हे काम करत आल्यात, आणि अजून त्यांना कर्मचारी म्हणवून घेण्यासाठी मोर्चे काढावे लागतात. दिवसभर लेकरं, गरोदर माता, गृहभेटी आणि मग संध्याकाळी मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकर अॅपवर सगळं भरायचं. आमच्या गावात रेंज देवळाच्या पायऱ्यांवरच येते. ताई अंधारात तिथं बसून आमच्या लेकरांची वजनं भरताना मी बघितल्यात. ही उधारी त्यांच्या माथी यायला नको होती, हे मी ग्रामसभेतही बोलले.

घरात या तीस दिवसांत काही गोष्टी बदलल्या. डेअरीला जाणाऱ्यातलं आणखी अर्धा लिटर दूध आम्ही घरी ठेवायला लागलो. ह्यांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला होता: त्या दुधाचे डेअरीतून जेवढे पैसे येतात, जवळपास तेवढेच रोज दोन लेकरांच्या बिस्किटांवर आणि पुड्यांवर जात होते. तो हिशेब बघून ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी किटलीतून दूध काढून ठेवलं. लेकरांचा चहा बंद झाला; चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही, हे सिस्टरनी सांगितल्यावर मी जेवणानंतरचा माझाही सोडला. शेवग्याचा पाला आम्ही शेळ्यांना घालत होतो, आता तो वाळवून चुरून पिठात जातो. वरण घोटून, वरून कच्चं तेल किंवा तूप घालून, भातात कालवून तिला मिळतं. आणि रात्रीचा स्वयंपाक दिवेलागणीला होतो, ती झोपायच्या आत.

तिसाव्या दिवशी मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या बाई, आल्या होत्या. वजन ७ किलो ५५०, दंड ११.९. लाल संपला, पिवळा लागला. सॅममधून मॅममध्ये, म्हणजे तीव्रमधून मध्यम. मला वाटलं होतं त्या दिवशी हिरवा दिसेल, थोडं मन खट्टू झालं. तिच्या वयाच्या मुलींचं वजन साधारण दहा किलोच्या आसपास असतं, ती अजून खूप मागं होती. मुख्यसेविका म्हणाल्या, आता खरी कसोटी घरी आहे, केंद्रातून सुटलेली कितीतरी लेकरं दोन महिन्यांत पुन्हा घसरतात. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी आम्ही पट्टीला जातो.

वेचणीच्या दिवसांत घसरेल अशी मला भीती होती. मी पहाटे मोडाच्या पिठाची लापशी करून डब्यात ठेवायचे, भाजलेल्या दाण्यांचा आणि गुळाचा कूट वेगळा. आत्याबाई वाटी मोजून भरवायच्या आणि मी रानातून आले की पहिल्यांदा सांगायच्या, "दोन वाट्या पुऱ्या, एक अर्धी." अंगणवाडीच्या वहीतली भाषा त्यांच्या तोंडात बसली आहे. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून भिंतीवर कोळशानं रेघा ओढतात. आमच्या चुलीमागची भिंत त्या रेघांनी भरली आहे आणि दिवाळीला रंग देताना त्यांनी तेवढा तुकडा रंगवू दिला नाही.

जानेवारीत दंड १२.६ भरला. पट्टीच्या खिडकीत हिरव्याची कड दिसली. ताईंनी या वेळीही दोनदा मोजलं.

गल्लीतल्या एका घरी सात महिन्यांचं बाळ आहे. त्याच्या आईला मी मागच्या आठवड्यात मोडाचं पीठ नेऊन दिलं आणि वरणाचं पाणी पाजताना बघून तिच्या हातातली पळी तळापर्यंत घालून डाळ वर काढली. तिला ते आवडलं नाही, तोंड फिरवून बसली. मी पण तशीच बसले होते. रविवारी परत जाणार आहे, आत्याबाईंना घेऊन. धाकटीचं पुढचं वजन पाच तारखेला आहे.